आजोबांना जागा नसलेली क्रूझर

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. कोपऱ्यात गप्प बसलं की पुरतं. गप्प बसलेली बाई दिसली की लोकांना वाटतं, हिला ऐकूही येत नसावं. मग ते तिच्यासमोर काहीही बोलतात. त्यात ती नवीन लग्न झालेली असेल तर विचारूच नका. मला शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन अजून वर्ष व्हायचंय, आणि एका बेसमेंटच्या जिन्यावर बसून मी इतकं ऐकलंय की आता ते माझ्यात मावत नाही.

हे बेसमेंट शिरीषकाकांचं. काका म्हणजे सख्खे नव्हेत. इथे मराठी माणूस आपल्यापेक्षा बराच मोठा असला की तो काका होतो. रिटायर्ड इंजिनिअर, उभं आयुष्य अमेरिकेत गेलेलं. खाली पिंगपाँगचं टेबल आहे, पण त्यावर कोणी खेळत नाही, कारण त्यावर दुसऱ्या महायुद्धातली एक ब्रिटिश युद्धनौका, क्रूझर, उभी आहे. लाकूड, प्लॅस्टिक आणि थ्रीडी प्रिंटरमधून काढलेल्या तोफा. टेबलाच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. दर रविवारी तिघं जण तिच्यावर काम करतात: शिरीषकाका, माझा नवरा निखिल आणि वॉल्टर. वॉल्टर मूळचे इंग्लंडचे, तरुणपणी शिकागोला आले. त्यांचे वडील याच क्रूझरवर विमानविरोधी तोफेवर होते. सुनीताकाकू, म्हणजे शिरीषकाकांच्या पत्नी, या मंडळींना ‘बेसमेंट नेव्ही’ म्हणतात.

माणसांची नावं मी बदलली आहेत. जहाजाचं तर सांगतच नाही. सांगितलं तर कोणीतरी हे शिरीषकाकांना फॉरवर्ड करेल, आणि ते आधी माझ्या जहाजाच्या वर्णनातल्या चुका काढतील.

*

आमचं लग्न या जहाजामुळे ठरलं. आईला वाटतं पत्रिकेमुळे.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर निखिलला मी विचारलं, “रविवारी काय करतोस?” तो म्हणाला, एका क्रूझरचं मॉडेल करतोय, आणि त्याने नाव सांगितलं. मी इतका वेळ गप्प राहिले की कॉल कट झाला असं वाटून तो “हॅलो, हॅलो” करत बसला.

“माझे आजोबा त्या जहाजावर होते,” मी म्हटलं.

“काय सांगतेस! मग त्यांनाही आपण डेकवर उभं करू की.”

बाकी पगार, घर, आईवडील वगैरे नंतर बोललो. माझा होकार त्या वाक्याला होता.

इथे आल्यावर पहिल्याच रविवारी तो मला शिरीषकाकांकडे घेऊन गेला. मी टेबलाजवळ पोचायच्या आत काकांचा हात आडवा. “हात लावू नकोस हं बाळा. फार डेलिकेट काम असतं.”

मी डेंटिस्ट आहे. पुण्यात असताना मी लोकांच्या दाढांच्या मुळांत केसाएवढ्या सुया घालत होते. इथे व्हिसामुळे काम करता येत नाही, ते सोडा. मी हात मागे घेतला.

निखिलने उत्साहाने सांगितलं, “काका, हिचे आजोबा याच शिपवर होते!”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “ऑफिसर?”

“स्टुअर्ड होते,” मी म्हटलं. “वॉर्डरूममध्ये. ऑफिसरांच्या मेसमध्ये वाढायचे.”

“अच्छा. केटरिंग,” काका म्हणाले, आणि चष्मा परत खाली आला.

मी निखिलकडे पाहिलं. निखिल एका तोफेकडे पाहत होता.

*

शिरीषकाकांचा आवडता शब्द ‘ऑथेंटिक’. जहाजाचा करडा रंग ऑथेंटिक हवा म्हणून त्यांनी आठवडे घालवले. युद्धाच्या सुरुवातीचा करडा वेगळा, हिंदी महासागरात आल्यावरचा वेगळा. कुठून कुठून रंगाच्या डब्या मागवल्या. काकू म्हणाल्या, “आमच्या किचनला रंग द्यायचा होता, तर म्हणाले, कुठलाही पांढरा चालेल.”

मग माणसांची पाळी आली. बोटाच्या पेराएवढी माणसं, निखिलच्या प्रिंटरमधून निघालेली. त्यांच्या चेहऱ्याला आणि हाताला एकच डबी. डबीवर लिहिलेलं ‘फ्लेश’, आतला रंग गुलाबी. काका एकेकाला टाचणीवर टोचून गुलाबी करत सुटले होते.

मी जिन्यावरून विचारलं, “दुसरा नाही का रंग?”

“दुसरा कशाला? मनुष्याच्या कातडीचा रंग आहे हा. कंपनीनेच लिहिलंय.”

काकू चकल्यांचा डबा घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी काकांच्या कोपरापर्यंत वर केलेल्या बाहीकडे पाहिलं, मग डबीकडे. “अहो, मग तुम्ही कशाचे बनलाय?”

निखिल हसला. वॉल्टरना मराठी येत नाही, तेही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी बाही खाली केली आणि पुढचा माणूस टाचणीवर घेतला. गुलाबी.

*

एका रविवारी वॉल्टर खिशातून कागदाची पुडी काढून आले. पुडीत मांजर होतं.

तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. काळं, छातीवर पांढरा ठिपका. वॉल्टरचे वडील सांगायचे की जहाजावर असं एक मांजर होतं आणि तोफा सुरू झाल्या की ते दोरखंडाच्या वेटोळ्यात जाऊन बसायचं. तिघांनी मिळून तासभर चर्चा केली की दोरखंडाचं वेटोळं नेमकं कुठे असेल. शेवटी मागच्या तोफेजवळ एक केलं, त्यात मांजर बसवलं. काकांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, डोळे पुसले. “आता जहाज जिवंत वाटतंय.”

मी म्हटलं, “काका, मांजर होतं याला पुरावा काय?”

“अगं, त्यांचे वडील सांगायचे ना!”

“माझे आजोबा पण सांगायचे. मग त्यांना का नाही डेकवर जागा?”

“ते ठीक आहे. पण तू असं बघ, मांजर क्रूचा भाग असतं.”

तो रविवार मी विसरणार नाही. घरी येताना गाडीत निखिल म्हणाला, “क्यूट होतं यार ते मांजर.” त्याला अजून कळत नाही की त्या आठवड्यात घरात फक्त खिचडी का होत होती.

*

वॉल्टर तसे फार सभ्य. मी जिन्यावर बसले असले तर जाताना “एक्स्क्यूज मी” म्हणून जातात. एकदा स्वतःहून माझ्याजवळ आले. म्हणाले, “माझे वडील तुमच्या लोकांविषयी फार चांगलं बोलायचे. म्हणायचे, इंडियन स्टुअर्ड म्हणजे शांत माणसं. वर्षानुवर्षं एका जहाजावर राहिलो, पण त्यांचा आवाज म्हणून ऐकला नाही.”

माझे आजोबा वेंगुर्ल्याचे. आमच्या घरी ते बोलायला लागले की शेजारचे रेडिओ बंद करून खिडकीत यायचे. नाटकात काम करायचे, भजनात पेटीवाल्याशी भांडायचे, आणि मासळी घेताना त्यांचा आवाज बंदरावरून घरापर्यंत ऐकू यायचा. या माणसाचा आवाज त्या जहाजावर वर्षानुवर्षं कोणाला ऐकू आला नाही.

मी म्हटलं, “त्यांना कोणी काही विचारलं होतं का?”

वॉल्टरनी खरंच विचार केला. प्रामाणिक माणूस. म्हणाले, “सूप आहे का, एवढं विचारत असतील.”

*

म्हणून मग एकदा मीच सांगायचं ठरवलं. चहा झाला होता, तिघंही निवांत होते.

मी सांगितलं की स्टुअर्ड फक्त ताटं मांडत नव्हते. लढाईचा भोंगा झाला की ताटं तशीच टाकून सगळ्यांना आपापल्या जागी पळावं लागायचं, आणि आजोबांची जागा होती जहाजाच्या तळाशी, दारूगोळ्याच्या कोठारात. तिथे तोफांची दारू रेशमी कापडाच्या पिशव्यांत भरलेली असायची. एकाने उचलायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची, दुसऱ्याने वर पाठवायची. आजोबा म्हणायचे, “तुझ्या आजीने जन्मभर रेशमी लुगडं मागितलं. मी किती रेशीम तोफेत घातलं ते तिला कधी सांगितलं नाही.” ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर त्या जहाजाने दिवसच्या दिवस तोफा डागल्या, तेव्हा ते खाली होते. ते आत गेले की डोक्यावरचं झाकण वरून घट्ट बंद व्हायचं. आग लागली तर झाकण उघडायचं नाही, कोठारात समुद्राचं पाणी सोडायचं, म्हणजे जहाज वाचेल. हा नियम त्यांना माहीत होता. तरी पिशव्या उचलत राहायचे. म्हातारपणी दादरला आत्याकडे आले की पाच मजले चढून जायचे. लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही कधी. लिफ्टमन म्हणायचा, “बाबा, या ना.” आजोबा म्हणायचे, “तू जा. मी एकदा बसून आलोय.”

बोलता बोलता माझा आवाज थोडा चढला असावा, कारण काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

वॉल्टरनी टोपी काढून मांडीवर ठेवली. निखिल खाली बघत होता. शिरीषकाकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “ग्रेट. खरंच ग्रेट. मग तर प्रश्नच मिटला.”

“कसा?”

“म्हणजे ते तळाशी होते ना? वरून झाकण बंद? मग मॉडेलमध्ये दिसणारच नाहीत. असं समज की ते आत आहेतच.”

आणि प्रेमाने डेकवर टिचकी मारली.

*

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा चहा खाली नेला नाही.

भांडण नाही, तंडण नाही. काकू मंदिरात गेल्या होत्या, मी वर सोफ्यावर मासिक चाळत बसले. खालून आवाज येत होते. डोलकाठी बसवायची होती. “आपण चहा झाल्यावर लावू,” काका म्हणाले. मग शांतता. मग वॉल्टर म्हणाले, “चहा झाल्यावर हात स्थिर राहतो.” पुन्हा शांतता. बऱ्याच वेळाने जिन्याच्या तळाशी निखिल दिसला. “अगं, चहा?”

“किचन वर आहे,” मी म्हटलं.

तिघांपैकी कोणाला काकूंच्या घरातली साखर सापडली नाही. त्यात काकांचंच घर. त्या दिवशी काठी लागली नाही, डिंक डबीत सुकला, आणि वॉल्टर लवकर घरी गेले. त्यांना दारापर्यंत सोडून येताना काका माझ्यासमोर थांबून हळहळले, “आज मुळी कामच झालं नाही. काय झालं काय माहीत.”

*

वसंतात प्रदर्शन होतं. एका हॉलमध्ये आसपासच्या राज्यांतले मॉडेलवाले जमतात, जज्ज फिरतात, बक्षिसं देतात. फेब्रुवारी संपत आला तरी डेकच्या कडेचे कठडे व्हायचे होते. दोऱ्यासारखी तार, तिला मुंगीच्या पायाएवढे खांब. काकांचे हात कापतात, वॉल्टरना जवळचं दिसत नाही, निखिलला धीर नाही. तीन आठवडे तिघांनी तारा मोडल्या.

मग निखिलने मला विचारलं. मी माझे चिमटे आणि भिंगाचा चष्मा काढला आणि संपूर्ण जहाजाचे कठडे बसवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर बर्फ पडत होतं. काकांनी शेवटचा खांब पाहिला आणि पुटपुटले, “मशीनने केल्यासारखं आहे.” त्यांच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. मला वाटलं, आता आजोबांचं विचारावं. विचारलं.

“बघ ना, आता क्राउड होईल,” काका म्हणाले. “रेखीवपणा जाईल.”

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी टेबलावर जहाज मांडलं आणि समोर एक कार्ड ठेवलं. बांधणारे: शिरीषकाका, वॉल्टर, निखिल. त्याखाली थोडी जागा सोडून, बारीक अक्षरात: ‘रिफ्रेशमेंट्स’, आणि पुढे सुनीताकाकूंचं आणि माझं नाव.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. “माझं ठीक आहे गं. मी खरंच चकल्याच केल्या. पण तुझं?”

“कार्ड कोणी केलं?” मी विचारलं.

कार्ड निखिलने केलं होतं. “अगं, काकांनी फॉरमॅट पाठवला होता, मी फक्त टाइप केलं,” तो म्हणाला.

मी त्याला बाजूला नेलं आणि लग्न झाल्यापासूनचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. “माझ्या आजोबांनी तुझ्या काकांच्या लाडक्या जहाजाला दारू पुरवली, त्यांना केटरिंग म्हणालात, मी कठडे बसवले, मला रिफ्रेशमेंट्स म्हणालात, आणि तू पहिल्या कॉलवर मला एक शब्द दिला होतास, तो आठवतोय की तोही खाली तळाशी आहे?”

निखिलचा चेहरा आधी लाल आणि मग अगदी पांढरा झाला. तेवढ्यात जज्ज आल्या.

*

आता यातलं शेवटचं. त्यासाठी एक सांगायला हवं. क्रूझरच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या सज्जात, कॅप्टन उभा करायचा राहिला होता. तो काकांनी शेवटच्या आठवड्यात स्वतः केला. म्हणजे निखिलला बोलावून फोनने स्वतःचाच चेहरा स्कॅन करून घेतला आणि प्रिंटरमधून काढला. पांढराशुभ्र उन्हाळी गणवेश, गळ्याशी धरलेली काळी दुर्बीण आणि काकांची मिशी, जशी आहे तशी. डबीतला गुलाबी मात्र या एका चेहऱ्याला चालेना. त्यात त्यांनी तपकिरी कालवला, पुन्हा कालवला. म्हणाले, “कॅप्टन उघड्यावर उभा असतो. उन्हाने रापतो.” दुर्बिणीसाठी सबंध शनिवार गेला.

जज्ज म्हणजे एक उंच, पिकल्या केसांच्या बाई. हातात छोटी बॅटरी आणि भिंग. त्यांनी तोफा पाहिल्या, मान डोलावली. करडा रंग पाहिला, “ब्यूटिफुल” म्हणाल्या. कठड्यांपाशी तर थांबून भिंग दोनदा पुसलं. काका टाचांवर उंच होत होते.

मग बॅटरी ब्रिजवर गेली आणि तिथेच राहिली.

“हे गृहस्थ कोण?” त्यांनी विचारलं.

काका हसले. “गेस करा.”

“कॅप्टन असतील तर मला मार्क कापावे लागतील. ब्रिटिश नेव्हीत एकतर पूर्ण दाढीमिशी, नाहीतर गुळगुळीत. नुसती मिशी ठेवायला कोणालाच परवानगी नव्हती, कॅप्टनलासुद्धा नाही. तुमच्यासारख्यांकडून ही चूक मला अपेक्षित नव्हती. आणि हा वर्ण…”

काकांचं तोंड उघडं राहिलं. हात आपसूक मिशीकडे गेला. वॉल्टर छताकडे पाहू लागले. जज्जबाईंनी पेन काढलं.

“ते कॅप्टन नाहीत,” निखिल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला नाही. “ते माझ्या बायकोचे आजोबा आहेत. या जहाजावर स्टुअर्ड होते. वॉर्डरूममध्ये. आणि लढाईच्या वेळी दारूगोळ्याच्या कोठारात. ही त्यांची नात. हे कठडे हिने बसवलेत.”

जज्जबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. आजोबांना मिशी होती का? होती, म्हातारपणी. नुसत्या मिशीचा तो नियम मुंबईत भरती झालेल्या स्टुअर्डांना लागू होता की नाही, मला माहीत नाही. बाईंनाही नसावं. त्यांनी पेन बंद केलं.

“हातात काय आहे त्यांच्या?”

“किटली,” निखिल म्हणाला. “ब्रिजवर चहा घेऊन आलेत.”

शनिवारभर खपून केलेल्या दुर्बिणीकडे काका एकटक पाहत होते. वॉल्टर पुढे झाले, कार्ड उचललं, स्वतःच्या पेनने माझं नाव बांधणाऱ्यांत वर लिहिलं आणि कार्ड परत ठेवलं. काकूंनी तोंडाला पदर लावला होता.

बाई वाकून बराच वेळ आजोबांकडे पाहत राहिल्या. बॅटरीच्या उजेडात ते त्या एवढ्याशा सज्जात मधोमध उभे होते, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्या जहाजाच्या वर.

“फार छान,” त्या म्हणाल्या. “हे कोणी दाखवत नाही.” मग त्यांनी बॅटरी सज्जाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवली, खाली डेकवर फिरवली, आणि शिरीषकाकांकडे वळल्या. “पण मग या जहाजाचा कॅप्टन कुठे आहे?”

काकांनी निखिलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी एका तोफेकडे पाहत होते.

काकांनी घसा साफ केला.

“कॅप्टन,” ते म्हणाले, “इज टेकिंग बाथ.”